जपानच्या सरंजामी काळावरची कादंबरी टीव्हीसाठी कशी उतरवायची: आधी कान ठरवा, मग स्क्रिप्ट

हजार-अकराशे पानांची ऐतिहासिक कादंबरी, त्यात शंभरेक पात्रं, निम्मी पात्रं एकमेकांची भाषा न कळणारी, आणि तुम्हाला सांगितलंय की दहा एपिसोड करा. कुठून सुरुवात करणार? बहुतेक जण पहिल्या प्रकरणापासून सीन पाडायला घेतात आणि तिथेच गाडं अडकतं. मी डबिंग आणि सबटायटलचं काम करतो, म्हणजे सगळ्यांच्या शेवटी माझ्याकडे माल येतो, आणि शेवटच्या टोकाला बसल्यामुळे एक गोष्ट चांगली दिसते. सुरुवातीला भाषेचा निर्णय घेतला नसेल तर पुढे कितीही पैसे ओता, ते झाकलं जात नाही.

उदाहरण म्हणून जेम्स क्लॅव्हेलची 'शोगुन' घेऊ (शोगुन म्हणजे तेव्हाच्या जपानचा लष्करी सर्वेसर्वा). कादंबरी १९७५ ची. १९८० मध्ये अमेरिकेत एनबीसीने तिची पाच रात्रींची मिनीसिरीज केली, रिचर्ड चेंबरलेन आणि तोशिरो मिफुने होते त्यात. मग २०२४ मध्ये एफएक्सने दहा एपिसोडची नवी केली, रेचेल कोंडो आणि जस्टिन मार्क्स यांनी, हिरोयुकी सानादा हिरो पण आणि प्रोड्युसर पण. तिला एका सीझनला १८ एमी (अमेरिकी टीव्हीचे पुरस्कार) मिळाले, तोवर एवढे कुणालाच मिळाले नव्हते. एकच पुस्तक, मध्ये ४४ वर्षं, आणि दोन्ही टीमनी नेमका उलटा निर्णय घेतला, त्यामुळे शिकायला याच्यापेक्षा बरी केस नाही.

राइट्सचं आधी बघा

हे कंटाळवाणं आहे म्हणून पटकन सांगतो. कादंबरीतली नावं, नाती, लेखकाने रचलेले प्रसंग हे सगळं लेखकाचं किंवा त्याच्या वारसांचं. १९८० च्या सिरीजवर क्लॅव्हेल स्वतः प्रोड्युसर होता, २०२४ च्या वेळी त्याची मुलगी होती. पण सन १६०० मध्ये ओसाकात काय झालं यावर कुणाची मालकी नाही. राइट्स मिळाले नाहीत तर त्याच इतिहासावर स्वतःचं लिहायला कुणी अडवत नाही, फक्त मग कादंबरीतला एकही शोध चोरून आणायचा नाही, आणि हे वाटतं तितकं सोपं नसतं, कारण वाचून झाल्यावर खरं कुठलं आणि रचलेलं कुठलं हे डोक्यात एकमेकांत मिसळलेलं असतं. म्हणूनच पुढचं काम.

दोन रकान्यांची वही

पुस्तक एकदा नुसतं वाचा, पेन न घेता. दुसऱ्यांदा वाचताना वहीत दोन रकाने पाडा, डावीकडे कादंबरी, उजवीकडे इतिहास. 'शोगुन'ची वही साधारण अशी होते. तोरानागा म्हणजे तोकुगावा इएयासु, पुढे शोगुन झालेला सरदार. तायको म्हणजे तोयोतोमी हिदेयोशी, जो १५९८ मध्ये पाच वर्षांचा मुलगा आणि त्याच्यासाठी पाच कारभाऱ्यांचं मंडळ मागे ठेवून मेला. इशिदो म्हणजे इएयासुचा विरोधक इशिदा मित्सुनारी. ब्लॅकथॉर्न म्हणजे विल्यम ॲडम्स, केंटमधला इंग्रज, डच जहाज 'लिफ्डे'वरचा पायलट (जहाजाला वाट दाखवणारा), एप्रिल १६०० मध्ये क्युशूच्या किनाऱ्याला लागला तेव्हा जहाजावर जेमतेम २४ माणसं जिवंत होती. मारिको, कथेतली दुभाषी, म्हणजे होसोकावा ग्राशिया, ओदा नोबुनागाला दगा देणाऱ्या आकेची मित्सुहिदेची मुलगी.

आता या वहीचा खरा उपयोग कुठे होतो तर जिथे दोन रकाने जुळत नाहीत तिथे. ॲडम्सचं जहाज क्युशूत लागलं, कादंबरीत ते इझूमध्ये लागतं, म्हणजे कथेतल्या सत्तेच्या जवळ आणलंय. का आणलं? कारण नाहीतर हिरोला शंभरेक पानं नुसता प्रवास करावा लागला असता. म्हणजे लेखकाने पण एकदा अ‍ॅडाप्टेशनच केलंय, तुम्ही करताय ते दुसरं. हे एकदा डोक्यात बसलं की पुस्तकाची अवाजवी भीती जाते.

ग्राशियाचं बघा. ऑगस्ट १६०० मध्ये इशिदाची माणसं तिला ओलीस धरायला आली. ती ख्रिस्ती, आत्महत्या पाप, म्हणून घरच्या एका सेवकाने तिला मारलं. एवढी एक घटना इतिहासात आहे आणि ती इतकी जोरदार आहे की पूर्ण सिरीजचा कळस तिच्यावर उभा राहतो. वहीत अशा जागांना लाल खूण करा, कारण या जागा हलवता येत नाहीत, बाकी सगळं हलवता येतं.

तारखांचा एक वेगळा कागद ठेवा. त्यांचं जुनं कॅलेंडर चांद्र, सेकिगाहाराची लढाई त्यांच्या हिशोबाने केइचो ५ च्या नवव्या महिन्याच्या १५ तारखेला, आपल्या हिशोबाने २१ ऑक्टोबर १६००. पोर्तुगीज पात्र एक तारीख बोलणार, जपानी पात्र दुसरी, आणि स्क्रिप्टमध्ये नुसतं "दहा तारीख" लिहिलंत तर सेटवर गोंधळ नक्की. वेळही तशीच, घड्याळाचे वाजले नाहीत, घोड्याचा प्रहर म्हणजे दुपारचे बाराच्या आसपास. आणि माणसाची ऐपत तांदळात, कोकुमध्ये. एक कोकु म्हणजे साधारण १८० लिटर, एका माणसाचा वर्षाचा तांदूळ. इएयासुकडे चोवीस-पंचवीस लाख कोकुंचा मुलूख होता, आणि समोरच्याला हा आकडा माहीत असताना तो किती वाकतो हे दाखवलं की "तो फार शक्तिशाली आहे" असलं वाक्य लिहावं लागत नाही.

कान कोणाचा?

हा सगळ्यात मोठा निर्णय आणि याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवीन. गोष्ट कोणाच्या डोळ्यांनी दिसते हे सगळे विचारतात. इथे प्रश्न कोणाच्या कानांनी ऐकू येते हा आहे.

१९८० वाल्यांनी ठरवलं की कान ब्लॅकथॉर्नचा. त्याला जपानी कळत नाही ना, मग प्रेक्षकालाही कळायचं नाही, जपानी संवादांना जवळपास सबटायटलच नाही, आणि जिथे अगदीच अडेल तिथे ऑर्सन वेल्सचं निवेदन. लोक हसतात आता याला, पण मला तो निर्णय प्रामाणिक वाटतो, परक्या मुलखात एकटं पडल्याची भीती त्यात खरीच येते. तोटा असा की मिफुनेसारखा नट समोर बसलाय आणि तो काय बोलतोय ते आपल्याला कळत नाही, म्हणजे राजकारण सगळं पडद्याआड.

२०२४ वाल्यांनी सगळ्यांचेच कान दिले. संवादांपैकी साधारण ७० टक्के जपानी, खाली सबटायटल, त्यामुळे प्रेक्षकाला ब्लॅकथॉर्नपेक्षा जास्त कळतं आणि तो बिचारा खोलीतला सगळ्यात अडाणी माणूस होतो. गोष्ट लगेच तोरानागा आणि मारिकोची झाली. हिरो बदलला, मुख्यतः सबटायटलने!

तिसराही एक पर्याय आहे, सगळ्यांना एकाच भाषेत बोलायला लावणं. स्वस्त पडतो. पण या गोष्टीत दुभाषी हेच मुख्य पात्र आहे, सगळे एकच भाषा बोलले तर दुभाषीला कामच उरत नाही.

एक गफलत मात्र दोघांनीही पत्करलीय. खऱ्या ॲडम्सचं बोलणं पोर्तुगीजमधून चालायचं, कादंबरीतही मारिको पोर्तुगीज आणि लॅटिन बोलते, पण टीव्हीवर तिथे इंग्रजी ऐकू येतं आणि आपण ते पोर्तुगीज समजायचं. चालतं हे, फक्त पहिल्या एपिसोडमध्ये कुणीतरी एकदा स्पष्ट "पोर्तुगीज येतं का" असं म्हणायला हवं, आणि मग शेवटपर्यंत तो करार मोडायचा नाही.

एक सीन जवळून

कादंबरी एका पानात तीन जणांच्या डोक्यात शिरते. कॅमेऱ्याला ते जमत नाही आणि व्हॉइसओव्हर टाकलात तर चार मिनिटांत कंटाळा. मग मनातलं बाहेर काढायचं कसं? दुभाषीच्या फटीतून. समजायला म्हणून माझाच एक छोटा सीन घेतो, कुठल्या पुस्तकातला नाही.

दाइम्यो (मुलूख सांभाळणारा मोठा सरदार) विचारतो, "जहाजावरच्या तोफा कोण चालवतं?" पायलट चिडलेला आहे, तो म्हणतो, "माझी माणसं तीन दिवस खड्ड्यात सडतायत, एक जण काल मेला, आधी त्यांना वर काढ, मग तोफांचं बोलू." मधला दुभाषी पाद्री आहे, त्याला हा पायलट नकोच आहे. तो सांगतो, "म्हणतो, माहीत नाही."

प्रेक्षकाने दोन्ही वाचलंय, त्यामुळे पाद्री खोटं बोलला हे त्याला कळलं. पण सीन इथे संपवू नका. दाइम्योला शब्द कळले नाहीत तरी वेळ कळतो ना. तो म्हणतो, "एवढा लांब बोलला आणि अर्थ एवढाच?" पाद्री गप्प. आता दाइम्यो हुशार आहे हे सिद्ध झालं, पाद्री सापडला, आणि पायलटला यातलं काहीच कळलेलं नाही, तो अजून चिडूनच बघतोय. चार वाक्यांत तीन डोकी उघडी पडली.

मग तोच सीन पुढच्या एपिसोडमध्ये दुभाषी बदलून करा. आता एक सरदारघराण्यातली बाई आहे. पायलट तेच उद्धटपणे बोलतो, ती म्हणते, "त्याला आपल्या माणसांची चिंता लागली आहे, उत्तर द्यायला मन थाऱ्यावर नाही." हेही खोटंच की, पण जीव वाचवणारं. दोन दुभाषी शेजारी ठेवले की त्या बाईची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही.

हे सगळं हवेतलं नाही. ॲडम्सच्या स्वतःच्या पत्रांत आहे की इएयासुने त्याला ओसाकात बोलावलं, पोर्तुगीज येणारा दुभाषी मध्ये होता, धर्मापासून लढायांपर्यंत प्रश्न विचारत मध्यरात्र झाली, आणि जेझुइट मंडळी (कॅथलिक मिशनरी) म्हणत होती की हे चाचे आहेत, यांना मारून टाका. असला मूळ कागद हाताशी असताना कल्पनेवर फार ताण देऊ नये.

कागद कुठे शोधायचे

इथे गोव्याचा संबंध येतो, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. जपानमधलं जेझुइट मिशन गोव्यातूनच उभं राहिलं. फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये कागोशिमाला उतरला तेव्हा सोबत आंजिरो नावाचा जपानी होता, ज्याचा बाप्तिस्मा आदल्या वर्षी गोव्यात झाला होता. कादंबरीत ज्या काळ्या जहाजावरून, म्हणजे पोर्तुगीजांच्या व्यापारी जहाजावरून, एवढं राजकारण होतं ते जहाज गोवा, मलाक्का, मकाव, नागासाकी असं जायचं.

दोन गोष्टी लेखकाच्या टेबलावर असाव्यातच. एक, लुईस फ्रॉइश या पाद्र्याने १५८५ मध्ये केलेली यादी, युरोपियन असं करतात आणि जपानी तसं, एकेका ओळीत, घोड्यावर कुठल्या बाजूने चढतात इथपर्यंत. नटांना हालचाली शिकवायला यासारखं काही नाही. दुसरं, १६०३ मध्ये नागासाकीत छापलेला जपानी-पोर्तुगीज कोश, ३२ हजारांहून जास्त शब्द, आणि रोमन लिपीत असल्यामुळे त्या काळचा उच्चारही कळतो, निप्पोनला ते 'निफोन' लिहितात. याच सुमारास गोव्यात थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट मराठी ओव्या लिहीत होता, ख्रिस्तपुराण १६१६ ला छापलं गेलं. म्हणजे एकाच वेळी एक इंग्रज इझूतल्या इतो गावात जहाजं बांधून देतोय आणि दुसरा राशोलला ओवी रचतोय. सिरीज करायची तर मला हीच आवडेल, पण असो.

चिरफाड

प्रत्येक प्रसंगाचं एक कार्ड. कार्डावर काय घडलं हे तर लिहाच, पण खाली "याआधी कोणाला काय माहीत नव्हतं" तेही लिहा. ज्या कार्डावर खालची ओळ रिकामी राहते ते कार्ड फेकून द्या, कितीही सुंदर वर्णन असलं तरी. एपिसोड तोडायचे ते पानांच्या हिशोबाने नाही, माहिती हात बदलते तिथे तोडायचे.

लढाईचं काय? सगळे हेच विचारतात. सेकिगाहारा जपानच्या इतिहासातली एवढी मोठी लढाई, तिच्यानंतर तीन वर्षांत इएयासु शोगुन झाला, आणि कादंबरीत ती शेवटी अगदी थोडक्यात उरकलीय. २०२४ च्या सिरीजनेही ती दाखवली नाही, लोक नाराजही झाले. मला ते बरोबर वाटतं, कारण गोष्ट लढाईची नाहीच, लढाई आधीच कशी जिंकली जाते त्याची आहे. पण असं करायचं असेल तर पहिल्या एपिसोडपासून लढाईची आशा लावू नका, ट्रेलरमध्ये तर अजिबात नाही.

संवाद कसे फिरवायचे

२०२४ च्या टीमची पद्धत अशी: आधी इंग्रजीत स्क्रिप्ट, मग जपानीत भाषांतर, मग एका जपानी नाटककाराकडून त्याला जुन्या काळाचं वळण, त्यावर शूटिंग, आणि मग नटाने जे बोललं त्याचं परत इंग्रजीत सबटायटल. शेवटची पायरी महत्त्वाची. मूळ इंग्रजी संवादच सबटायटल म्हणून चिकटवले असते तर फुकट झालं असतं, कारण मधल्या दोन हातांनी वाक्य बदललेलं असतं.

जुनं वळण म्हणजे खरी १६०० ची बोली नव्हे, ती आजच्या जपानी माणसालाही नीट कळणार नाही. त्यांच्याकडे ऐतिहासिक नाटक-सिनेमाची एक ठरलेली भाषा आहे, जपानचं सार्वजनिक चॅनेल एनएचके १९६३ पासून दर वर्षी रविवारची ताइगा, म्हणजे ऐतिहासिक मालिका करतंय, प्रेक्षकाचा कान त्यावर तयार झालाय. त्याच्या फार खाली गेलात तर हसू होतं, फार वर गेलात तर कळत नाही.

अंगावरचं आणि हातातलं

याच्यावर पुस्तकं आहेत, मी फक्त जिथे हमखास घसरतात तेवढं सांगतो. किमोनोची डावी बाजू वर, उजवी खाली. उलटं फक्त प्रेताला नेसवतात. आता कॉश्च्युमवाला हे चुकत नाही, चुकतो एडिटर! नजरेची दिशा जुळत नाही म्हणून शॉट आडवा फ्लिप करतो, आणि जिवंत पात्र प्रेताच्या कपड्यात, तलवार उजव्या कमरेला. एडिट रूमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावून ठेवा, फ्लिप बंद.

बसताना तलवार उजव्या बाजूला ठेवली तर विश्वास, डावीकडे ठेवली तर हात कधीही जाईल, म्हणजे एकही शब्द न बोलता सीन सुरू. गुडघे मोडून ताठ बसणं हे तेव्हा सगळीकडे नव्हतं, पुरुष मांडी घालून, बायका एक गुडघा वर करून बसायच्या. लग्न झालेल्या बायका दात काळे करायच्या आणि भुवया काढायच्या, हे मात्र हिरोईनला करायला सहसा कुणी धजत नाही, आणि प्रेक्षक सहा तास ते बघेल का याची मलाही खात्री नाही. गेइशा, आपल्याला माहीत असलेली भाताच्या गोळ्यावरची सुशी, काळ्या कपड्यातले निंजा हे सगळं नंतरचं किंवा रंगभूमीवरचं.

लोकेशनचं म्हणाल तर ओसाकाचा आज दिसणारा किल्ला १९३१ चा, काँक्रीटचा. एदो, म्हणजे आजचं टोकियो, इएयासु तिथे १५९० ला गेला, तेव्हा १६०० मध्ये ते चिखलात वाढणारं गाव दाखवा. २०२४ ची सिरीज कॅनडात, ब्रिटिश कोलंबियात शूट झाली, पण विग, पोशाख, तलवारबाजी यांना जपानहून माणसं आणली. त्यातलं घेण्यासारखं हे की सानादा नुसता सल्लागार नव्हता, प्रोड्युसर होता. सल्लागार "हे चुकतंय" म्हणतो आणि शूटिंग चालू राहतं, प्रोड्युसर म्हणाला की थांबतं.

मराठीत आणताना

माझ्याकडे एकदा इंग्रजी सबटायटलची नुसती फाइल आली, व्हिडिओ नाही. वाक्य साधं, जायला परवानगी देणारं. मी लिहिलं, "तुम्ही जाऊ शकता." नंतर व्हिडिओ पाहिला तर मालक मोलकरणीला हाकलत होता. इंग्रजीत एकच सर्वनाम, त्यातून जपानीतले पाच-सहा थर गायब झालेले असतात. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण हे तीन थर आहेत, म्हणून हट्टाने मूळ जपानी स्क्रिप्ट आणि व्हिडिओ मागा. वरच्या सीनमध्ये पायलट दाइम्योला 'तू' म्हणतो आणि बाई ते 'आपण' करून देते, हे मराठीत नुसतं दिसतं, समजावायची गरज नाही.

मोह टाळायचा तो आपल्या ऐतिहासिक मालिकांच्या भाषेचा. दाइम्योला "महाराज" म्हटलंत, "मुजरा" आणि "आम्हांस" आलं की ओसाका गेलं आणि रायगड आला. सामा, दोनो, सान हे नावापुढचे आदराचे शब्द तसेच ठेवा, दोन एपिसोडमध्ये लोक शिकतात.

आणि एक फायदा जो इंग्रजीवाल्यांकडे नाही. जपानीत क्रियापद शेवटी येतं, आपल्याकडेही. दाइम्यो सावकाश निकाल देतोय, नट शेवटच्या शब्दाआधी थांबतो, इंग्रजी सबटायटलने तोवर सगळं सांगून टाकलेलं असतं. आपण तसं करायचं नाही. वाक्य सबटायटलच्या दोन कार्डांत तोडायचं, पहिल्या कार्डावर "त्या पोराला उद्या सकाळी...", ते नटाचा श्वास संपेपर्यंत पडद्यावर ठेवायचं, आणि त्याचे ओठ हलले की दुसरं कार्ड, "...सोडा."